सारख्या नावांचे दरोडापट आणि थरारपट: कोणता कुठला, कसं ओळखायचं?

गुंतवळ

दरोडा आणि थरार या प्रकारातल्या सिनेमांची बघण्यासाठी एक नीट यादी करायची आहे. नावं वेगवेगळ्या लोकांनी तोंडी सुचवलेली, ऐकून लिहिलेली. वर्ष नाही, दिग्दर्शक नाही. त्यातून असा गुंता झाला आहे:

हीट, हिट, द हीट. हाइस्ट (दोनदा लिहिलंय, दोन वेगळ्या माणसांकडून). किलर, किलर्स, किलिंग. ड्राइव्ह, ड्रायव्हर. इटालियन जॉब, बँक जॉब, इनसाइड जॉब, इनसाइड मॅन. गेटअवे. व्हॅनिशिंग. इन्फर्नल अफेअर्स की इंटर्नल अफेअर्स, तेही कळत नाही.

विचारायचं हे:
१. नाव एकच असेल तर रिमेक कुठला आणि नुसता नामसाधर्म्याचा योगायोग कुठला, हे पटकन कसं ओळखायचं?
२. रिमेक असेल तर आधी कोणता बघावा?
३. फाइलला सबटायटल जुळत नसतील तर ती दुसऱ्याच सिनेमाची आहेत, की गडबड वेगळी आहे?

कृपया शेवट फोडू नका.

---

तिसरी_किल्ली

नावावर जाऊच नका. प्रत्येक सिनेमासमोर तीन गोष्टी लिहा: वर्ष, दिग्दर्शक आणि चोरी कशाची. तिसरी सगळ्यात उपयोगी, कारण वर्ष कुणाच्या लक्षात राहत नाही आणि नटाच्या नावावरून माणूस हमखास फसतो.

कसा फसतो ते बघा. कुणी सांगितलं, 'डी नीरोचा, दरोड्याचा, २००१ चा.' तुम्ही 'हाइस्ट' लिहून मोकळे. पण २००१ चा 'हाइस्ट' डेव्हिड मॅमेटचा, त्यात जीन हॅकमन आहे, डी नीरो नाहीच. डी नीरोचा २००१ चा दरोडापट म्हणजे फ्रँक ऑझचा 'द स्कोअर', मार्लन ब्रँडोचा शेवटचा सिनेमा. डी नीरो असलेला 'हाइस्ट' आहे, पण तो २०१५ चा, स्कॉट मानचा, आणि काही देशांत तो 'बस ६५७' या नावाने लागला होता. तुमच्या यादीत 'हाइस्ट' दोनदा आलाय तो बहुधा यामुळेच. आता चोरी कशाची ते लिहा: 'द स्कोअर'मध्ये माँट्रियलच्या कस्टम हाउसमधला राजदंड, २००१ च्या 'हाइस्ट'मध्ये विमानातलं स्विस सोनं, २०१५ च्या 'हाइस्ट'मध्ये कॅसिनोची रोकड. तिन्ही वेगळे झाले. सांगणाऱ्याला नाव आठवत नसलं तरी सोनं होतं की रोकड, हे आठवतं.

पुढे तीन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा, नाव तेच आणि गोष्टही तीच. 'द थॉमस क्राउन अफेअर' १९६८ (नॉर्मन ज्युइसन) आणि १९९९ (जॉन मॅकटिअर्नन). जुन्यात बँक लुटतात, नव्यात संग्रहालयातून चित्रकार मोनेचं चित्र जातं. फाइल कुठली ते कळत नसेल तर मधेच कुठेही पुढे सरकवून बघा. पडदा चौकटी-चौकटींत विभागलेला दिसला, किंवा स्टीव्ह मॅक्वीन आणि फे डनवे समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळताना दिसले, तर १९६८. गोल टोप्या घातलेली माणसं संग्रहालयात फिरताना दिसली तर १९९९. एक इशारा: फे डनवे दिसली म्हणजे जुनाच, असं समजू नका. नव्यात ती मानसोपचारतज्ज्ञ म्हणून आहे.

'द इटालियन जॉब' १९६९ आणि २००३ यांनाही याच गठ्ठ्यात ठेवतात, पण २००३ चा रिमेक फार सैल आहे. सोनं आणि मिनी गाड्या तेवढ्या सारख्या. जुना तुरिनच्या वाहतूककोंडीत घडतो. नवा व्हेनिसमध्ये सुरू होतो आणि लगेच लॉस एंजेलिसला जातो. अब्बास-मस्तान यांचा 'प्लेअर्स' (२०१२) हाही याच गोष्टीवरचा, म्हणून यादीत तोही इथेच जोडून ठेवा.

दुसरा गठ्ठा, नाव तेच पण गोष्टीचा काही संबंध नाही. वरचे दोन 'हाइस्ट'. 'हीट' (१९९५, मायकल मान, पचिनो आणि डी नीरो) आणि 'द हीट' (२०१३, सँड्रा बुलक आणि मेलिसा मॅकार्थी, विनोदी पोलीसपट). १९८६ चा बर्ट रेनॉल्ड्सचा एक 'हीट' वेगळाच. 'बँक जॉब' (२००८, जेसन स्टेथम) १९७१ मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर झालेल्या खऱ्या दरोड्यावर बेतलेला आहे, 'इटालियन जॉब'शी त्याचं नातं नाही. गुन्हेगारांच्या बोलीत 'जॉब' म्हणजे ठरवून केलेली चोरी आणि 'स्कोअर' म्हणजे त्यातून मिळणारा माल. एवढंच. ती मालिका नव्हे.

'इनसाइड जॉब' (२०१०) यादीतून काढून टाका, किंवा वेगळा ठेवा. तो २००८ च्या आर्थिक संकटावरचा माहितीपट आहे, ऑस्कर मिळालेला. उत्तम आहे, पण दरोड्याची गोष्ट हवी असेल तर 'इनसाइड मॅन' (२००६, स्पाइक ली). तो ओळखायला दोन मिनिटं पुरतात: क्लाइव्ह ओवेन कॅमेऱ्यात बघून बोलतो आणि मग श्रेयनामावलीवर 'छैय्या छैय्या' वाजतं. 'इनसाइड मॅन: मोस्ट वाँटेड' (२०१९) त्याच्या पुढचा, पण दिग्दर्शक आणि मुख्य नट वेगळे.

तिसरा गठ्ठा लोक विसरतात: नाव वेगळं, गोष्ट तीच. 'हीट'च्या आधी मायकल माननेच १९८९ मध्ये 'एल. ए. टेकडाउन' हा टीव्हीपट केला होता. पोलीस आणि दरोडेखोर समोरासमोर बसून कॉफी पितात तो प्रसंग त्यातही आहे. दोन्ही पाठोपाठ बघा. तेच प्रसंग १९८९ मध्ये किती घाईने उरकलेत आणि १९९५ मध्ये प्रत्येकाला किती वेळ दिलाय, ते पटकथेची आवड असणाऱ्याने बघायलाच हवं.

'हिट' म्हणजे कुणीतरी 'हिट: द फर्स्ट केस' सांगितला असणार, तेलुगू २०२० किंवा हिंदी २०२२. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक झाली की मानचा दरोडापट आणि हा तपासपट यांची अदलाबदल होते. यादी मराठीत करताय तर 'हीट'ची वेलांटी जपा.

---

मध्यंतर

+१. 'किलर' मंडळींचं मी लिहितो, कारण तिथे चूक झाली तर एक अप्रतिम दरोडापट हातचा जाईल.

'द किलिंग' (१९५६): स्टॅनली कुब्रिक. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरची रोकड लुटण्याचा बेत. वेळ मागेपुढे करत सांगितलेला, म्हणजे एकाच दुपारचा तोच तुकडा आधी एका साथीदाराकडून दिसतो, मग दुसऱ्याकडून. सुमारे ८५ मिनिटांचा. यादीत हा हवाच. याच नावाची एक टीव्ही मालिकाही आहे, शोधात ती आधी वर येते.

'द किलर्स' (१९४६, रॉबर्ट सिऑडमॅक): हेमिंग्वेच्या लघुकथेवरून. बर्ट लँकेस्टरचा पहिला सिनेमा. मूळ कथा पहिल्या काही मिनिटांत संपते, नंतरचं सगळं पटकथेत रचलेलं, आणि त्यात टोपीच्या कारखान्यातल्या पगाराच्या रकमेवरचा दरोडा आहे.

'द किलर्स' (१९६४, डॉन सीगल): त्याच कथेवरून, ली मार्विन. हा टीव्हीसाठी केला होता, पण हिंसा फार आहे म्हणून थेट थिएटरात लावला. रोनाल्ड रेगनचा शेवटचा सिनेमा. रंगीत आहे, त्यामुळे १९४६ च्या कृष्णधवलपासून वेगळा काढायला एक नजर पुरे.

'द किलर' १९८९ मध्ये जॉन वूचा, हाँगकाँगचा. २०२४ मध्ये त्यानेच त्याचा पुन्हा सिनेमा केला. मधल्या २०२३ चा 'द किलर' डेव्हिड फिंचरचा, त्याचा या दोघांशी संबंध नाही. लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच नावाचे दोन, म्हणून इथे दिग्दर्शकाचं नाव न लिहिता पुढे जाऊ नका.

'किलर्स' (२०१०) अॅश्टन कुचरचा विनोदी. सोडून द्या.

ड्राइव्ह-ड्रायव्हरचं थोडक्यात. 'द ड्रायव्हर' (१९७८, वॉल्टर हिल) मध्ये एकाही पात्राला नाव नाही; ड्रायव्हर, डिटेक्टिव्ह, प्लेअर, एवढंच. 'ड्राइव्ह' (२०११, निकोलस विंडिंग रेफन) मध्येही नायक बिननावाचा आणि दरोडेखोरांची गाडी चालवणारा, म्हणून ही दोन नेहमी एकमेकांत मिसळतात. रायन ओ'नील असेल तर पहिला, रायन गॉसलिंग असेल तर दुसरा. हो, दोघेही रायन, त्यामुळे आडनाव लिहाच. 'बेबी ड्रायव्हर' (२०१७) मधला पोरगा सतत कानात गाणी घालून असतो. २०१९ चा हिंदी 'ड्राइव्ह' सुशांतसिंह राजपूत आणि जॅकलिनचा, तोही चोरीचाच, पण रेफनच्या सिनेमाचा रिमेक नव्हे.

---

चोवीस_फ्रेम

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. सबटायटल जुळत नसली की लोक फाइल टाकून देतात, तसं करू नका. आधी चूक कशा प्रकारची आहे ते बघा. तीन जागा तपासा: सुरुवातीचं पहिलं वाक्य, साधारण मधलं एक आणि शेवटाकडचं एक. प्रत्येक ठिकाणी किती सेकंदांचा फरक आहे ते लिहून काढा.

फरक तिन्हीकडे सारखा असेल, समजा सगळीकडे १२ सेकंद, तर सुरुवातीला कंपनीचं बोधचिन्ह जास्त किंवा कमी आहे. व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी सबटायटल मागेपुढे सरकतात, एका दाबाला ५० मिलिसेकंद. काम झालं.

फरक वाढत जात असेल तर फ्रेमचा वेग वेगळा आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. युरोपातल्या जुन्या पाल पद्धतीच्या टीव्ही आणि डीव्हीडीसाठी तो २५ ने पळवत. त्यामुळे २५ मिनिटांचा मजकूर २४ मिनिटांत संपतो. सबटायटल २४ च्या हिशेबाची असतील तर ती दर २४ मिनिटांना एक मिनिट मागे पडतात. इथे जी-एच दाबून उपयोग नाही, कारण त्या कळा नुसत्या सरकवतात, ताणत नाहीत. 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फ्रेमचा वेग बदलण्याची सोय आहे, तिथे २३.९७६ (म्हणजे हेच जवळपास २४) वरून २५ करा. मग उरलासुरला स्थिर फरक सरकवून काढा. हा क्रम उलटा केला तर पुन्हा सगळं करावं लागतं.

याच कारणाने लांबी बघून सिनेमा ओळखताना गफलत होते. 'हीट' (१९९५) सुमारे १७० मिनिटांचा. पाल आवृत्ती असेल तर तोच १६३ च्या आसपास दिसतो. कुणीतरी सात मिनिटं कापलीत असं वाटतं, प्रत्यक्षात एकही फ्रेम कापलेली नसते. म्हणून लांबीत चार टक्क्यांचा फरक असेल तर सिनेमा तोच समजा. 'हीट' नावाची फाइल दीड तासाच्या आसपास असेल, तर तो मानचा 'हीट' नव्हे.

मधेच एका ठिकाणी फरक उडी मारत असेल, म्हणजे चाळिसाव्या मिनिटापर्यंत बरोबर आणि पुढे एकदम ९० सेकंद, तर आवृत्ती वेगळी: काही प्रसंग कापलेले किंवा वाढवलेले. तिथे सबटायटलही त्याच आवृत्तीची शोधावी लागतात.

आणि कुठलंच वाक्य तोंडाच्या हालचालीशी जुळत नसेल, फरक मोजताच येत नसेल, तर सबटायटल दुसऱ्या सिनेमाची आहेत. खात्री करायची सोपी पद्धत: सबटायटलची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पात्राचं नाव शोधा. 'क्राउन', 'हॅना', 'मॅककॉली' यातलं जे अपेक्षित ते एकदाही आलं नाही, तर फाइल चुकली.

फाइलला नाव देताना नावानंतर कंसात वर्ष लिहा. वर्ष नसलं की संग्रह लावणारे प्रोग्रॅम सर्वांत लोकप्रिय सिनेमाचं पोस्टर चिकटवून मोकळे होतात. शिवाय बरेच प्रोग्रॅम अनुक्रम लावताना सुरुवातीचा 'द' धरत नाहीत, म्हणून 'हीट' आणि 'द हीट' शेजारी-शेजारी येतात. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावर नाव आणि वर्ष दोन्ही सारखं असेल तर रोमन आकडा जोडतात; तो दिसला की त्याच वर्षी त्याच नावाचा आणखी एक आहे, हे समजावं.

---

गुंतवळ

खूप उपयोग झाला, यादीत 'चोरी कशाची' हा रकाना जोडला. अजून दोन अडकलेत. 'ग्रेट ट्रेन रॉबरी' तिघांनी सांगितला आणि तिघांचं वर्णन वेगळं: एक म्हणतो मूकपट, एक म्हणतो शॉन कॉनरी, एक म्हणतो १९६३ ची खरी घटना. आणि 'ओशन्स इलेव्हन', 'पेलम १२३' यांत जुना-नवा कसा ओळखायचा?

---

जुना_प्रोजेक्टर

तिघेही बरोबर आहेत, सिनेमे तीन आहेत.

१९०३ चा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' एडविन पोर्टरचा, सुमारे बारा मिनिटांचा मूकपट. बंदूकवाला सरळ प्रेक्षकांवर गोळी झाडतो ते प्रसिद्ध दृश्य यातलंच.

शॉन कॉनरीचा १९७८ चा. मायकल क्रायटनने आपल्याच कादंबरीवरून दिग्दर्शित केला. ब्रिटनमध्ये तो 'द फर्स्ट ग्रेट ट्रेन रॉबरी' म्हणून लागला, आणि तो 'फर्स्ट' मुद्दाम होता, कारण तिथल्या प्रेक्षकाला नुसतं 'ग्रेट ट्रेन रॉबरी' म्हटलं की १९६३ आठवतं. हा सिनेमा १८५५ सालच्या सोन्याच्या चोरीवर आहे: क्रिमियाच्या युद्धावरच्या सैन्याचं सोनं, दोन तिजोऱ्या, चार किल्ल्या आणि त्या किल्ल्यांचे ठसे घेण्याची खटपट. सिनेमाचा बराचसा भाग त्या चार किल्ल्यांतच जातो, आणि तो भाग फार सुंदर बांधलेला आहे.

१९६३ ची घटना म्हणजे ८ ऑगस्टला ग्लासगोहून लंडनला येणारी टपालगाडी बकिंगहॅमशरमध्ये थांबवून सुमारे २६ लाख पौंड पळवले, ती. त्यावरून पीटर येट्सने 'रॉबरी' (१९६७) केला. नावात 'ग्रेट' नाही की 'ट्रेन' नाही, म्हणून तो शोधात सापडत नाही. त्यातला गाड्यांचा पाठलाग बघा. पुढच्याच वर्षी येट्सने 'बुलिट' केला. २०१३ मध्ये बीबीसीने दोन भागांत 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' केली, एक भाग चोरांच्या बाजूने, एक पोलिसांच्या.

आता ओशन्स आणि पेलम. इथे आकड्यानेच काम होतं, पण दोघांचा नियम उलटा आहे. १९६० चा सिनात्राचा सिनेमा आकड्यात ११ लिहितो; २००१ चा सोडरबर्गचा अक्षरांत इलेव्हन. पेलममध्ये १९७४ चा अक्षरांत वन टू थ्री. २००९ चा टोनी स्कॉटचा आकड्यात १२३. पोस्टर समोर असेल तर चूक होणारच नाही. मराठीत लिहिताना मात्र सगळे आकडाच लिहितात आणि खूण पुसली जाते. मूळ जसं आहे तसंच लिहा.

पोस्टर नसेल तर: जुन्या ओशन्समध्ये नववर्षाच्या रात्री एकाच वेळी पाच कॅसिनो, नव्यात एकच तिजोरी, तीन कॅसिनोंची रोकड ठेवणारी. जुन्या पेलममध्ये भुयारी रेल्वे ओलीस धरून मागितलेली खंडणी दहा लाख डॉलर आणि अपहरणकर्ते एकमेकांना रंगांच्या नावांनी हाक मारतात, मिस्टर ब्लू, मिस्टर ग्रीन. नव्यात एक कोटी डॉलर आणि रंगांची नावं नाहीत. १२३ हा अनुक्रमांकही नाही की तिसरा भागही नाही. पेलम बे पार्क स्टेशनातून ती गाडी १ वाजून २३ मिनिटांनी सुटते, म्हणून ते नाव.

एवढी नावं सारखी का, तर सिनेमाच्या नुसत्या नावावर सहसा कॉपीराइट मिळत नाही. अमेरिकेत मोठ्या स्टुडिओंच्या संघटनेकडे नावनोंदणी असते आणि सभासद एकमेकांची नावं टाळतात. २०१३ मध्ये 'द बटलर'वरून वाद झाला तो वॉर्नरच्या १९१६ च्या एका छोट्या मूकपटाच्या नावामुळे, आणि शेवटी नावाआधी दिग्दर्शक ली डॅनियल्सचं नाव जोडावं लागलं. पण जे सभासद नाहीत त्यांना ही बांधिलकी नाही, आणि परदेशात वितरक तर नाव सर्रास बदलतात. म्हणून यादीत मूळ भाषेतलं नावही लिहा. 'मनी हाइस्ट' ही स्पॅनिश मालिका शोधताना 'ला कासा दे पापेल' लिहिलं की कोरियन आवृत्ती आपोआप बाजूला पडते.

---

मध्यंतर

दुसरा प्रश्न राहिला, आधी कोणता बघावा. सरसकट 'जुना आधी' हा नियम मला मान्य नाही. 'थॉमस क्राउन' कुठलाही आधी चालेल. 'इटालियन जॉब'चंही तेच. पेलम १९७४ चा आधी बघा, कारण त्याचा ताण संथपणे चढतो आणि टोनी स्कॉटची धडपडती मांडणी आधी पाहिली तर तो उगाच मंद वाटतो.

'द व्हॅनिशिंग'बाबत मात्र ऐका: १९८८ चा डच सिनेमाच आधी, मूळ नाव 'स्पोरलोस'. १९९३ चा हॉलीवूड रिमेक त्याच दिग्दर्शकाचा, जॉर्ज स्लुइझरचा, आणि दोघांचे शेवट वेगळे आहेत. उलट क्रमाने बघितलं तर मूळ सिनेमाची सगळी धार जाते. फाइलमध्ये जेफ ब्रिजेस दिसला तर लगेच बंद करा आणि दुसरी शोधा. जेरार्ड बटलर आणि दीपगृह दिसलं तर तो २०१८ चा, तिसराच.

'गेटअवे': 'द' असलेले १९७२ (पेकिनपा, मॅक्वीन) आणि १९९४ (अॅलेक बाल्डविन, किम बेसिंजर) एकाच कादंबरीवरचे. 'द' नसलेला २०१३ चा, ईथन हॉकचा, वेगळा.

'इन्फर्नल अफेअर्स' (२००२) हाँगकाँगचा, ज्यावरून स्कॉर्सेसीचा 'द डिपार्टेड' आला. 'इंटर्नल अफेअर्स' (१९९०) रिचर्ड गिअरचा, भ्रष्ट पोलिसाचा. दोन्ही चांगले आहेत, दोन्ही ठेवा.

हिंदी नावं कुणी सांगितली तर दोन ठिकाणी जपा. 'आँखें' नावाचे तीन तरी लक्षात ठेवा: १९६८ चा रामानंद सागर यांचा हेरपट, १९९३ चा गोविंदाचा विनोदी, आणि २००२ चा विपुल शहा यांचा. दरोड्याचा तो शेवटचा, ज्यात तीन अंधांकडून बँक लुटवून घेतात. 'ज्वेल थीफ' १९६७ चा विजय आनंद यांचा. २०२५ चा सैफ अली खानचा त्याचा रिमेक नाही, फक्त नाव तेच. १९६७ च्या फाइलला नव्याचं पोस्टर लागलं असेल तर वर्ष हाताने बदला आणि पुन्हा जुळवून घ्या.